हे आमच्याकडे येत नाही

सार्वजनिक कचेऱ्यांतून दिवसभरात सर्वाधिक वेळा उच्चारले जाणारे वाक्य कोणते, असे कोणी आम्हाला विचारले, तर क्षणाचाही विलंब न लावता आम्ही सांगू : ‘हे आमच्याकडे येत नाही.’ वाक्य मोठे सभ्य आहे. त्यात उद्धटपणा नाही, लाचेची सूचना नाही, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. म्हणूनच की काय, नीतीचा विचार करणारी मंडळी त्याच्याकडे वळून पाहत नाहीत. खोटे बोलणाऱ्यावर, लुबाडणाऱ्यावर प्रवचने होतात. खरे बोलून माणसाला दारातून परत पाठवणाऱ्याविषयी मात्र आपण काही बोलत नाही. खरे बोलूनही मनुष्य दोषी असू शकतो काय? आणि कोणत्या कामासाठी कोणते दार ठोठवावे हे ठाऊक नसणे, हे एखाद्याचे दुर्दैव म्हणावे की कर्तव्यच्युती? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार करण्याचा आमचा मानस आहे.

हा प्रश्न विचारण्यास नवी मुंबईइतके योग्य शहर क्वचितच सापडेल. जुनी गावे हळूहळू वाढून शहरे होतात आणि त्यांचा कारभारही त्यांच्याबरोबर वाढत जातो. आमचे शहर तसे नाही. ते आधी कागदावर जन्मले. गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबातील चार्ल्स कोरिया, त्यांच्यासोबत प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६० च्या दशकात खाडीपलीकडील नव्या शहराची कल्पना मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनीवर वसाहती उभ्या राहू लागल्या. त्या काळात रस्ता, गटार, पाणी, दिवा, शाळेचा भूखंड, सगळे एकाच दारी मिळत असे. गावकऱ्याचा रागही त्याच दारी जात असे. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरातील शेतकऱ्यांच्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसे मेली. त्यांना न्याय कोणाकडे मागायचा हे नेमके ठाऊक होते, ही त्या दुःखद प्रसंगातील एक बाजू आज नवलाची वाटते.

पुढे १ जानेवारी १९९२ रोजी दिघ्यापासून बेलापूरपर्यंतच्या पट्ट्यात नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. सिडकोने बांधावे आणि महापालिकेने सांभाळावे अशी ही मांडणी. तथापि हस्तांतर एका दिवसात होत नाही. घणसोलीच्या वसाहतीला तर त्यासाठी वीस वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली. दरम्यानच्या काळात तेथील रहिवाशाने फुटलेल्या गटाराची तक्रार कोठे करावी? हस्तांतर पूर्ण झाल्यानंतरही जमीन सिडकोचीच राहिली, कारण बहुतांश घरे भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभी आहेत. त्यामुळे घर विकताना परवानगी एकीकडे आणि दरवर्षीचा मालमत्ता कर दुसरीकडे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा औद्योगिक पट्टा एमआयडीसीचा. वीज महावितरणची. सायन-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा. रेल्वेच्या स्थानकांचे तर विचारूच नये : इमारत सिडकोने उभारलेली, गाडी मध्य रेल्वेची आणि बाहेरचा रस्ता महापालिकेचा. पायरीवर पाय घसरून पडणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थाने आपण नेमके कोणत्या पायरीवर पडलो, याची नोंद ठेवलेली बरी! पोलीस आयुक्तालय एक, पण जिल्हे दोन. वाशीचा मनुष्य जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचे म्हणून ठाण्याला निघतो, आणि खारघरच्या मनुष्याला अलिबाग गाठावे लागते.

खारघरचा उल्लेख आलाच आहे, तर तेथील गोष्ट जरा सविस्तर सांगितली पाहिजे. १८५२ साली स्थापन झालेली पनवेलची नगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली, आणि खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या सिडकोच्या वसाहती तिच्या हद्दीत आल्या. सेवा मात्र टप्प्याटप्प्याने हस्तांतरित झाल्या. कचऱ्याचे काम आधी, रस्ते व दिवे नंतर, आणि त्यानंतरही पाण्याचे वितरण सिडकोकडेच राहिले होते. या मधल्या वर्षांत रहिवासी सिडकोला सेवाशुल्क भरत होते. मग महापालिकेने २०१६ पासूनचा मालमत्ता कर एकदम मागितला. आम्ही सेवा ज्यांच्याकडून घेतली त्यांना पैसे दिले, आता त्याच वर्षांचे तुम्हाला कशासाठी द्यायचे, असा रहिवाशांचा सवाल होता. तर महापालिकेचे अस्तित्व ज्या दिवसापासून त्या दिवसापासून कर, असे महापालिकेचे म्हणणे. मोर्चे निघाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. औद्योगिक पट्ट्यातील कारखानदारही एमआयडीसीचे सेवाशुल्क आणि महापालिकेचा कर यांच्या कचाट्यात सापडून न्यायालयापर्यंत गेलेच होते. कैसराचे देणे कैसराला द्यावे, हे आम्ही बालपणापासून शिकलो आणि शिकवीत आलो. परंतु एकाच रस्त्यावर दोन कैसर उभे असतील तर काय करावे, याचे उत्तर आमच्या गुरुविद्यालयातील प्राध्यापकांनी आम्हाला दिले नव्हते.

ही सगळी यादी वाचून एखाद्या वाचकाला वाटेल की खात्यांची ही विभागणीच अनर्थाचे मूळ आहे. तसे आम्हाला वाटत नाही. कामाची वाटणी ही शहाणपणाची गोष्ट आहे, आणि तिचा आरंभ आपल्या ख्रिस्तसभेच्या अगदी पहिल्या दिवसांत झालेला आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची तक्रार येते : रोजच्या अन्नवाटपात आमच्याकडे दुर्लक्ष होते. बारा प्रेषितांनी सर्वांना एकत्र बोलावले आणि या कामासाठी सात जण निवडायला सांगितले. म्हणजे ख्रिस्तसभेतील पहिले ‘खाते’ हे गाऱ्हाण्यातून जन्मले. या प्रसंगातील दोन गोष्टी आम्हाला लक्षणीय वाटतात. एक अशी की निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बोलीची माणसे त्या कामावर आली असावीत. दुसरी अशी की, हे काम यापुढे कोणाकडे, हे सर्वांदेखत ठरले. कोणत्या विधवेला उद्यापासून कोणाला विचारायचे हे ठाऊक नव्हते, असे झाले नाही. आणि अन्नवाटपासाठी नेमलेल्या त्या सातांपैकी फिलिप पुढे गाझाच्या वाटेवर इथिओपियाच्या अधिकाऱ्याला भेटला, तेव्हा धर्मशिक्षण माझ्या खात्यात येत नाही, असे काही तो म्हणाला नाही. तो रथात चढून बसला.

तेव्हा वाटणी हा दोष नव्हे. दोष जेथे सुरू होतो ते ठिकाण दुसरे आहे, आणि त्याचे चित्रही शुभवर्तमानात आहे. संत लूक सांगतो की, येशू गालीलचा आहे हे कळताच पिलाताने त्याला हेरोदाकडे पाठवले, कारण गालील हेरोदाच्या अधिकारातले आणि हेरोद त्या दिवसांत यरुशलेमेतच होता. अधिकारक्षेत्राचा हा मुद्दा अगदीच निराधार होता असे म्हणता येत नाही. हेरोदाने प्रश्न विचारले, थट्टा केली, झगझगीत वस्त्र पांघरले आणि बंदीला परत पाठवून दिले. दोघांपैकी कोणीही त्याला दोषी ठरवले नाही, सोडलेही नाही. आणि त्याच दिवशी, एरवी वैर असलेले ते दोघे मित्र झाले! लूकच्या या तपशिलाकडे आपण पवित्र सप्ताहात घाईने पुढे जातो. खाती परस्परांशी कितीही भांडोत, एखादे प्रकरण एकमेकांकडे ढकलण्यात मात्र त्यांची मैत्री जुळते, याचे इतके मार्मिक निरीक्षण आम्ही अन्यत्र वाचलेले नाही. पिलाताने हात धुतले ते सर्वांना आठवते. आमच्या मते त्याचे हात त्या आधीच, पहिल्या पाठवणीच्या वेळीच, धुऊन झाले होते.

पिलाताचे वाक्य खरे होते, हाच तर येथील नैतिक पेच आहे. ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे विधान आणि ‘म्हणून मला याच्याशी कर्तव्य नाही’ हा निष्कर्ष, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वस्तुस्थिती आहे, दुसरी निवड. मेजामागील मनुष्याला काम कोणाचे हे ठाऊक असते, निदान दोन मिनिटांत त्याला ते कळू शकते. मेजासमोरच्या मनुष्याला तेच शोधायला दोन दिवस लागतात. ज्याला ज्ञान स्वस्तात मिळते त्याच्यावर ते देण्याचा भार अधिक, हे तत्त्व आम्हाला निर्विवाद वाटते. आणि आनंदाची गोष्ट अशी की आपल्या देशाच्या कायद्यानेही ते एका ठिकाणी मान्य केले आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील सहाव्या कलमानुसार, अर्ज चुकीच्या कचेरीत आला तर तो योग्य कचेरीकडे पाच दिवसांच्या आत पाठवणे आणि अर्जदाराला तसे कळवणे, ही अर्ज घेणाऱ्याची जबाबदारी ठरते. ज्याला लिहिता येत नाही त्याचे तोंडी म्हणणे लिहून घेण्यास साहाय्य करावे, असेही तेथे सांगितले आहे. ‘आमच्याकडे येत नाही’ या वाक्यापुढे कायद्याने पूर्णविराम न ठेवता स्वल्पविराम ठेवला, असे म्हणायला हरकत नाही. हे कलम माहितीच्या अर्जापुरते आहे, फुटलेल्या नळाच्या तक्रारीला ते लागू पडत नाही, हे खरे. पण नळाच्या तक्रारीला वेगळी नीती असते काय?

महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम केला. कोणती सेवा, किती दिवसांत, कोणता अधिकारी देणार आणि न दिल्यास अपील कोणाकडे, हे कचेरीने फलकावर लावायचे आहे. असा फलक भिंतीवर, कधी कपाटाआड, असतो. आपल्यापैकी किती जणांनी तो थांबून वाचला आहे?

येथून आम्ही दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, आणि तो आपल्या सर्वांना थोडा बोचेल. संत थॉमस अक्विनास यांनी अज्ञानाचे प्रकार करताना म्हटले आहे, त्याचा मथितार्थ असा : ज्याला एखादी गोष्ट जाणण्याचा मार्गच नव्हता त्याचे अज्ञान दोषास्पद नाही; परंतु जे जाणणे आपले कर्तव्य आहे आणि जे जाणता येते, ते आळसापोटी न जाणणे हा मात्र दोष होय. आता हा निकष आपल्या शहराला लावून पाहू.

आमच्या माहितीतील एक बाई चार घरची धुणीभांडी करून दोन मुले शिकवते. तिच्या खोलीपुढचे गटार पावसाळ्यात तुंबले आणि मैलापाणी उंबऱ्याच्या आत आले. ती एका कचेरीत गेली. जमीन आमची नाही, असे सांगितले गेले. दुसरीकडे गेली; जमीन आमची आहे, पण गटार आमचे नाही. तिसऱ्या ठिकाणी साहेब जागेवर नव्हते. तीन दिवसांचे तीन खाडे झाले आणि एका घरचे काम सुटले. चौथ्या दिवशी एका शिपायाने तिला थांबवले, विषय विचारून घेतला आणि मलनिस्सारणाचे काम पाहणाऱ्या माणसाचे नाव, मजला आणि वेळ एका चिठ्ठीवर लिहून दिली. त्या इमारतीत काम करणाऱ्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाने हे काम केले. या बाईच्या अज्ञानाला संत थॉमस दोष देणार नाहीत. कारण जाणण्याचा मार्ग तिला तीन दिवसांच्या मजुरीला पडला, आणि तो भाव तिला परवडणारा नव्हता.

दिघ्याच्या रहिवाशांचे काय म्हणावे? २०१५ मध्ये तेथील नव्व्याण्णव बेकायदा इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयात गाजले. इमारती प्रामुख्याने एमआयडीसी व सिडको यांच्या जमिनीवर उभ्या होत्या आणि हद्द महापालिकेची होती. पायाचा खड्डा खणला गेला तेव्हापासून वरच्या मजल्यावर बिऱ्हाडे येईपर्यंत तो सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. घर घेणाऱ्याने आयुष्यभराची पुंजी ओतण्यापूर्वी चौकशी करायला हवी होती, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. बरोबर आहे, करायला हवी होती. परंतु कोठे? जमीन कोणाची हे एका दारी, परवानगी दुसऱ्या दारी. चौकशी न करण्याचा दोष आणि चौकशीची वाट काटेरी करून ठेवण्याचा दोष, यांत मोठा कोणता? आमचा कौल दुसऱ्या दोषाकडे आहे. तोडकामाचा हातोडा मात्र पहिल्याच दोषावर पडतो.

आता आपण, म्हणजे हे त्रैमासिक वाचणारी कुटुंबे. आपल्यात बँकांतील अधिकारी आहेत, शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आहेत. आपल्याला वाचता येते, लिहिता येते, फोनवर विचारता येते. तरीही आपल्यापैकी बहुतेकांना आपल्या विभाग कार्यालयाचा पत्ता ठाऊक नाही. कारण आपल्याला त्याची गरज पडत नाही. आपली ‘ओळख’ असते. चुलतभावाचा मित्र एका खात्यात आहे, गायनमंडळातील एकाचे मेहुणे दुसऱ्या खात्यात आहेत. काम अडले की फोन करायचा, काम होते. यात पैसा दिलेला नसतो, म्हणून पापकबुलीच्या वेळी ते आठवतही नाही.

ओळखीत वाईट काय, असे विचारले जाईल. शेजाऱ्याने शेजाऱ्याला मदत करणे वाईट कसे असेल? मदत वाईट नाहीच. परंतु ओळख आणि माहिती यांच्या स्वभावात एक मूलभूत अंतर आहे. माहिती दुसऱ्याला दिली तरी आपल्याकडे उरते, किंबहुना वाढते. ओळख दुसऱ्याला दिली की खर्च होते. म्हणून ती आपण जपून, निवडक माणसांसाठी वापरतो. माहितीने उघडलेले दार मागून येणाऱ्यासाठी उघडे राहते, तर ओळखीने उघडलेले दार आपण आत गेल्यावर लागते. त्याहून गंभीर गोष्ट ही की, ज्यांना कचेरीचा अंधार दूर करण्याची ताकद आहे, त्यांना ओळखीमुळे तो अंधार जाणवेनासा होतो. धुणीभांडी करणारी ती बाई आपल्यापैकीच कोणाच्या तरी घरी काम करते. तिचा खाडा आपल्याला दिसला, त्याचे कारण आपण विचारले काय?

पोप अकरावे पायस यांनी १९३१ मध्ये ‘क्वाद्रागेसिमो आन्नो’ या परिपत्रकात एक तत्त्व मांडले : जे काम लहान व जवळच्या समूहाला करता येते, ते मोठ्या व दूरच्या सत्तेने आपल्याकडे ओढून घेऊ नये. १९९३ पासून अमलात आलेल्या आपल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीचा आशय याच्या जवळ जाणारा आहे. त्या तत्त्वाचा एक अर्थ असा की सत्तेचे दार माणसाच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावे. नगरसेवक हे असे दार होते. त्याच्यावर टीका पुष्कळ करता येईल, आम्हीही केली आहे. परंतु काम कोणाचे हे ठाऊक नसलेल्या माणसाला निदान त्याचे घर ठाऊक असे. मे २०२० मध्ये नवी मुंबईतील नगरसेवकांची मुदत संपली, आणि पुढे काही वर्षे निवडणूकच झाली नाही. कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. दिवे लागत होते, कचरा उचलला जात होता, स्वच्छतेची बक्षिसेही मिळत होती. ज्यांना आपले दार ठाऊक होते त्यांचे काही बिघडले नाही. बिघडले ते ज्यांना केवळ एका माणसाचे घर ठाऊक होते त्यांचे.

वसईहून येथे येऊन राहिलेल्या कुटुंबांना हा विषय नवा वाटणार नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतर, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने वसईत हरित वसईची चळवळ झाली, तेव्हा आपल्या विहिरीचे आणि वाडीचे भवितव्य कोणत्या कचेरीत ठरते, हे वाडवळ व सामवेदी घरांतील बायाबापड्यांनीही शिकून घेतले होते. नियोजन प्राधिकरण, विकास आराखडा, हरकत, सुनावणी हे शब्द त्या बोलींत तेव्हा शिरले. तीच घरे आज वाशी-नेरुळच्या सदनिकांत राहावयास आली आणि शिकलेले विसरली, हे आम्हाला कोडे वाटते. कदाचित विहीर स्वतःची असते म्हणून माणूस शिकतो. नळ कोणाचा हे कोणी विचारत नाही.

नळाचे पाणी तरी कोठून येते? खालापूर तालुक्यातील मोरबे धरणातून. राज्याच्या जीवन प्राधिकरणाने हाती घेतलेले ते धरण नवी मुंबई महापालिकेने विकत घेतले, आणि स्वतःच्या मालकीचे धरण असलेली महापालिका म्हणून आपण अभिमानाने सांगतो. त्या पाण्याखाली ज्यांची शेते गेली ती गावे मात्र रायगड जिल्ह्यातली. त्यांची जमीन घेताना सरकार एक होते, धरणाची मालकी आता दुसऱ्याची आहे, आणि ती महापालिका ज्या जिल्ह्यात आहे तो त्यांचा जिल्हा नव्हे. ते तिचे मतदार नाहीत, करदाते नाहीत. त्यांच्यासाठी तेथे कोणी नगरसेवक नव्हता आणि नसेल. पुनर्वसनाचे गाऱ्हाणे घेऊन ते आपल्या शहराच्या दारी येऊन गेले आहेत. मेजामागून त्यांना काय सांगितले गेले असेल, याची कल्पना वाचकांना करता येईल. आणि समजा ते उद्या मिस्सानंतर आपल्याच देवळाच्या आवारात येऊन उभे राहिले, तर त्यांना कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, कोणाकडे जा म्हणून आपल्यापैकी कोण सांगू शकेल?